कुमार संघाची वाट पाहतांना



मोठ्या सामन्याची वाट पाहणें ही तशी सोपी गोष्ट आहे. वर्तमानपत्रें आठवडाभर आधींपासून रकाने भरीत असतात, खेळाडूंचीं चित्रें जिकडेतिकडे झळकत असतात, आणि कोण जिंकणार याविषयींचें तयार मत प्रत्येक चहाच्या दुकानांत मिळत असतें. आपण फक्त त्या प्रवाहांत उभें राहावयाचें. परंतु ज्या संघाचें नांव परगांवीं कोणास ठाऊक नाहीं, ज्यांतील खेळाडूंचीं नांवें अजून शाळेच्या हजेरीपटावर आहेत, आणि ज्या चषकाची बातमी छापली तर आंतल्या पानाच्या तळाशीं चार ओळींत छापली जाते, अशा संघाची व अशा चषकाची वाट पाहणारे लोकही जगांत पुष्कळ आहेत. त्यांची उत्कंठा कशावर पोसली जाते? ती डोळस कशी होते, आणि आंधळी झाली तर तिचा भार कोणावर पडतो? या प्रश्नांचा आज थोडा विचार करूं. मी आयुष्यभर शाळामास्तर होतों. तेव्हां उदाहरणें मुलांचीं आणि हिशेब पाटीवरचे, असा हा विचार असेल, हें आरंभींच सांगून ठेवतों.

चषक म्हटला कीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें प्रथम फुटबॉल येतो, आणि तें साहजिक आहे. महाराष्ट्रांत कोल्हापूर हें त्या खेळाचें माहेरघर. तेथें पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ असे संघ तालमींच्या व मंडळांच्या नांवानें खेळतात, आणि छत्रपति शाहू स्टेडियमवर सामना असला म्हणजे पेठापेठांतून त्याखेरीज दुसरी गोष्ट निघत नाहीं. आमचा धाराशिव जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता, आणि हैदराबाद हें देखील फुटबॉलचें मोठें पीठ. तेथील सिटी पोलिसांच्या संघानें १९५० पासून १९५४ पर्यंत लागोपाठ पांच वर्षें मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. परंतु बालाघाटच्या या डोंगराळ मुलुखानें लौकिक मिळविला तो फुटबॉलमध्यें नव्हे. येथें रुजला तो खो-खो.

याचें कारण शोधावयास दूर जावें लागत नाहीं. या खेळाला चेंडू लागत नाहीं, बूट लागत नाहींत. दोन खांब, थोडी सारखी केलेली जमीन, आंखणीसाठीं चुना आणि दोन बाजूंचीं मुलें एवढें जमलें कीं काम भागतें. वारंवार अवर्षण सोसणाऱ्या जिल्ह्याला एवढाच खर्च परवडण्यासारखा आहे. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा आणि वाशी असे येथें आठ तालुके. त्यांतून निवडलेला संघ राज्याच्या स्पर्धेला निघाला म्हणजे, विशेषतः मुलींच्या गटांत, त्याचें नांव पुणें, ठाणें, सांगली यांच्या बरोबरीनें घेतलें जातें. म्हणून आमच्याकडे कोणी विचारलें, “पोरी यंदा कुठवर जातील?” तर प्रश्न कोणत्या खेळाचा आहे हें वेगळें सांगावें लागत नाहीं. या प्रश्नांतील ‘कुठवर’ हा शब्द मात्र लक्षांत ठेवण्याजोगा आहे. ‘जिंकतील कां’ असें विचारणारा विचारीत नाहीं. ‘कुठवर जातील’ असें विचारतो. लहान संघाची वाट पाहण्याचें सारें मर्म या एका शब्दांत आहे.

‘कुठवर’ म्हटलें कीं वाटेवरचे टप्पे माहीत हवेत. शालेय स्पर्धांत चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील असे तीन गट असतात, आणि तालुका, जिल्हा, विभाग, राज्य व राष्ट्र अशा पांच पायऱ्या. खो-खो संघटनेच्या स्पर्धांची शिडी निराळी. तेथें चौदा वर्षांखालील किशोर व किशोरी, अठरा वर्षांखालील कुमार व मुली, आणि त्यांच्या वर पुरुष व महिला असे गट आहेत. जिल्ह्याचा संघ राज्य अजिंक्यपद स्पर्धेंत उतरतो. तेथें ज्यांचा खेळ निवड समितीच्या नजरेंत भरतो, त्यांतून महाराष्ट्राचा संघ निवडला जातो आणि तो राष्ट्रीय स्पर्धेस जातो. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें १९१४ सालीं या खेळाचे नियम बांधले आणि १९५९-६० सालीं विजयवाडा येथें पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. म्हणजे नियमांपासून राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोहोंचावयास खुद्द खेळालाच पंचेचाळीस वर्षें लागलीं. या शिडीची एक विशेष गोष्ट अशी कीं, तीवर संघ एका गतीनें चढतो आणि खेळाडू दुसऱ्या गतीनें. संघ उपांत्यपूर्व फेरींत हरला तरी त्यांतील एखादी मुलगी राज्याच्या संघांत जाऊं शकते; उलट संघानें चषक आणला तरी त्यांतील बहुतेकांचा प्रवास तेथेंच थांबूं शकतो.

आतां पाटीवरचा हिशेब मांडूं. बाद पद्धतीच्या स्पर्धेंत, म्हणजे जो हरला तो घरीं गेला अशा स्पर्धेंत, सोळा संघ उतरले तर सामने किती होतील? मुलें आधीं आठ, मग चार, मग दोन आणि शेवटीं एक अशी बेरीज करतात आणि पंधरा हें उत्तर काढतात. तें बरोबरच आहे. पण त्याहून जवळची वाट अशी: प्रत्येक सामन्यांत एक संघ बाद होतो, शेवटीं एकच उरावयाचा आहे, म्हणून बाद व्हावयाचे पंधरा आणि सामनेही पंधरा. तिसऱ्या क्रमांकाचा वेगळा सामना सोडून दिला तर याचा अर्थ असा कीं, सोळांपैकीं पंधरा संघांचा शेवटचा सामना हा हरलेला सामना असतो; त्यांतील आठ तर पहिल्याच फेरींत परततात. सर्व संघ तुल्यबळ धरले तर चषकासाठीं लागोपाठ चार विजय हवेत, आणि त्याचा संभव सोळांत एक. संघ बत्तीस असले तर विजय पांच आणि संभव बत्तिसांत एक. आरंभीं साखळी सामने ठेवले तर एखादा पराभव पचतो इतकेंच. शेवटचा कडू घोट बहुतेकांना घ्यावाच लागतो.

तेव्हां जो प्रेक्षक केवळ विजयाची वाट पाहतो, तो गणिताशींच पैज लावून बसलेला असतो. त्याची निराशा जवळजवळ ठरलेली, आणि ती निराशा तो घरीं आल्यावर कोणावर काढील हेंही बहुधा ठरलेलें. उलट ‘कुठवर’ असें विचारणाऱ्याला प्रत्येक फेरी ही एक मिळकत वाटते. पहिली फेरी पार झाली, दुसरी झाली, आतां सांगलीशीं गांठ आहे. येथवर आलों हेंही थोडें नाहीं. ही वृत्ति दुबळ्याची समजूत नव्हे. चषकाच्या स्पर्धेची घडणच अशी आहे कीं तिचा आनंद वाटेंत सांपडतो, शेवटीं क्वचित् सांपडतो.

येथें आणखी एक गोष्ट विचारांत घेतली पाहिजे. एकाच स्पर्धेचा अर्थ दोघांना दोन तऱ्हांनीं लागूं शकतो, आणि मग तंटा उभा राहतो. याचें फार बोलकें उदाहरण इंग्लंडांत घडलें. तेथें फुटबॉलच्या राष्ट्रीय श्रेणी चार. तिसऱ्या व चौथ्या श्रेणींतील संघांना मोठा चषक मिळण्याची आशा जवळजवळ नसते, म्हणून त्यांच्यासाठीं १९८३-८४ पासून एक वेगळा चषक चालूं आहे. त्याला आतां इंग्लिश फुटबॉल लीग ट्रॉफी म्हणतात. त्याचा अंतिम सामना लंडनच्या वेंब्ली मैदानावर होतो, आणि लहान गांवच्या संघाला त्या मैदानावर पाऊल ठेवण्याची ती एक मोठी संधि असते. २०१६-१७ च्या हंगामापासून या स्पर्धेंत मोठ्या क्लबांच्या एकवीस वर्षांखालील सोळा संघांना प्रवेश देण्यांत आला. हेतु असा कीं, तरुण मुलांना खऱ्याखुऱ्या, कसलेल्या प्रतिस्पर्ध्यांशीं खेळण्याचा सराव मिळावा. हेतु वाईट नव्हता. पण लहान क्लबांचे प्रेक्षक संतापले. त्यांचें म्हणणें, जो आमच्या आशेचा कळस, तो तुमच्या मुलांचा आखाडा कां व्हावा? पुष्कळांनीं त्या सामन्यांवर बहिष्कार घातला, आणि हजारोंच्या बैठकींसमोर शेंकड्यांत मोजतां येतील इतक्या लोकांपुढें सामने झाले.

पुढें २०१७-१८ च्या हंगामांत काय घडलें तें पाहा. चेल्सी या बलाढ्य क्लबाचा एकवीस वर्षांखालील संघ उपांत्य फेरीपर्यंत पोहोंचला. समोर होता लिंकन सिटी, चौथ्या श्रेणींतला, १८८४ सालीं स्थापन झालेला आणि तोंवर वेंब्लीवर एकदांही न खेळलेला. सामना बरोबरींत राहिला, निकाल पेनल्टींवर गेला आणि लिंकन जिंकलें. अंतिम सामन्यांत ८ एप्रिल २०१८ रोजीं त्यांनीं श्रूजबरी टाउनचा एका गोलानें पराभव केला आणि चषक घरीं नेला. चेल्सीचीं मुलें हरलीं. पण त्यांतील कांहीं पुढें मोठ्या संघांत चमकलीं. म्हणजे त्यांच्यासाठीं ती खरोखर पायरीच होती. लिंकनच्या लोकांसाठीं मात्र तो कळस होता. नव्वदाहून अधिक वर्षें ज्या मैदानाचें नुसतें नांव ऐकलें, तेथें त्या दिवशीं त्यांचीं कुटुंबेंच्या कुटुंबें जाऊन बसलीं. एकच चषक, एकाला पायरी आणि दुसऱ्याला कळस.

ही गोष्ट मी परदेशची नवलाई म्हणून सांगत नाहीं. तोच भेद आमच्या जिल्ह्याच्या एकाच संघांत, एकाच पाटीवर शेजारीं शेजारीं बसलेल्या दोन मुलींत असतो. एकीला राज्य स्पर्धा ही पायरी आहे, दुसरीला ती कळस आहे. आणि स्पर्धा चालू असतांना कोणती मुलगी कोणती, हें कोणासच सांगतां येत नाहीं.

ज्यांना ती पायरी ठरली त्यांचीं नांवें आपण ऐकलेलीं आहेत. धाराशिवच्या सारिका काळे या २०१६ सालीं गुवाहाटी-शिलाँग येथें झालेल्या दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेंत सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय महिला खो-खो संघाच्या कर्णधार होत्या. २०२० सालीं त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. घरची परिस्थिति अशी होती कीं एका वेळच्या जेवणावर कित्येक वर्षें काढलीं, हें त्यांनीं स्वतःच त्या वेळीं सांगितलें. त्याच सुमारास त्या तुळजापूर तालुक्यांत क्रीडा अधिकारी म्हणून काम करीत होत्या. म्हणजे ज्या शिडीनें त्या वर गेल्या, त्याच शिडीची खालची पायरी सांभाळण्याचें काम त्यांच्याकडे आलें. त्यांना व त्यांच्यानंतरच्या अनेक मुलींना घडविणारे प्रशिक्षक चंद्रजित जाधव हेही धाराशिवचेच. पुढें जानेवारी २०२५ मध्यें नवी दिल्लीस पहिली खो-खो विश्वचषक स्पर्धा झाली. तेवीस देशांचे खेळाडू तीत उतरले. अंतिम सामन्यांत भारतीय महिलांनीं नेपाळचा ७८ विरुद्ध ४० असा आणि पुरुषांनीं नेपाळचाच ५४ विरुद्ध ३६ असा पराभव केला. त्या महिला संघांत धाराशिवच्या अश्विनी शिंदे होत्या. जिल्ह्याच्या मातींत सुरू झालेली वाट राजधानीच्या बंदिस्त क्रीडागारापर्यंत जाते, हें त्या दिवशीं घरोघरच्या पडद्यावर दिसलें.

अशीं उदाहरणें डोळ्यांपुढें असलीं म्हणजे आशा वाढते, आणि ती वाढावी हें योग्यच आहे. पण प्रत्येक पिढींतून अशा दोघी-चौघीच निघतात. उरलेल्यांचें काय? त्या बारावीनंतर शिकतील, नोकरी करतील, शेती पाहतील, संसार करतील. त्यांच्या आयुष्यांतला सर्वांत मोठा सामना तोच, जो अठरा वर्षांच्या आंत, परक्या गांवच्या मैदानावर, मोजक्या लोकांसमोर झाला. त्या सामन्याला आपण ‘पुढच्या तयारीचा’ म्हणून हिणवलें, तर ज्यांना ‘पुढें’ नाहीं त्यांचें सर्वस्वच आपण हिणवलें. म्हणून माझें म्हणणें एवढेंच कीं, लहान चषक पाहणाऱ्यानें तो पायरी म्हणून पाहूं नये. कळस म्हणूनच पाहावा. ज्यांना वर जावयाचें आहे त्या तरीही जातील, आणि ज्यांचा प्रवास तेथें संपणार आहे त्यांना त्यांचा मान मिळेल.

हें साधावयाचें तर खेळ डोळसपणें पाहतां आला पाहिजे, आणि या बाबतींत खो-खो मोठा उदार खेळ आहे. मैदानाच्या मधोमध दोन खांबांमधील पाटीवर आठ जण चौकोनांत बसतात, शेजारचा प्रत्येक जण उलट दिशेला तोंड करून. नववा पाठलाग करतो. पाठलाग करणाऱ्यानें एकदां दिशा धरली कीं त्याला मागें वळतां येत नाहीं आणि मधली पाटी ओलांडतां येत नाहीं. पळणाऱ्याला मात्र सर्व मैदान मोकळें. तो बसलेल्यांच्या मधून हवा तसा नागमोडी जातो. म्हणून पाठलाग करणारा बसलेल्या गड्याच्या पाठीवर हात ठेवून ‘खो’ म्हणतो आणि आपली जागा त्याला देतो. वेगवान् धांवणाऱ्याला पकडतो तो याहून वेगवान् धांवणारा नव्हे. योग्य क्षणीं दुसऱ्याला उठविणारा पकडतो. कुमार गटांत पाठलागाची पाळी नऊ मिनिटांची, किशोर गटांत सात मिनिटांची. पळणारे तिघातिघांच्या तुकडीनें आंत येतात. प्रत्येक संघाला दोनदां पाठलाग आणि दोनदां पळती. चार पाळ्यांत सामना आटोपतो.

आतां या खेळाच्या नोंदवहींत काय लिहिलें जातें तें पाहा. कोणी किती गडी बाद केले हें तर असतेंच. पण प्रत्येक पळणारा किती मिनिटें व किती सेकंद टिकला हेंही घड्याळ लावून टिपलेलें असतें. वर्तमानपत्रांतील त्रोटक बातमींतही नांवापुढें ‘२.१० मि.’ असे आंकडे येतात. फुटबॉलमध्यें भक्कम बचाव करणाऱ्या मुलाच्या नांवापुढें कांहींच लिहिलें जात नाहीं. तो उभा होता म्हणून गोल झाला नाहीं, याची नोंद कोठें करावयाची? खो-खोंत मात्र संघ डावानें हरला तरी त्यांतील एखादी मुलगी आपलीं दोन मिनिटें दहा सेकंद घेऊन घरीं येते. तीं तिचीं स्वतःचीं असतात. निकाल कांहींही लागो, तीं कोणास पुसतां येत नाहींत. ज्यानें घड्याळाकडे पाहावयास शिकून घेतलें, त्याला हरलेल्या सामन्यांतही बघण्याजोगें पुष्कळ सांपडतें: पहिल्या पाळींत एका मिनिटांत बाद झालेला मुलगा दुसऱ्या पाळींत दीड मिनिट टिकला, तर तेवढ्या अर्ध्या मिनिटांत तो काय शिकला? खांबाजवळ वळतांना त्यानें हुलकावणी आधीं दिली कीं नंतर? उत्कंठेला असे प्रश्न सांपडले म्हणजे ती डोळस होते.

राष्ट्रीय स्पर्धेंतील सर्वोत्कृष्ट खेळाडूंना जे पुरस्कार दिले जातात त्यांचीं नांवेंही याच अंगानें पाहण्यासारखीं आहेत. पुरुषांना एकलव्य आणि महिलांना राणी लक्ष्मीबाई. कुमारांना वीर अभिमन्यु, मुलींना जानकी. किशोरांना भरत आणि किशोरींना इला. नांवें ठेवणाऱ्यानें वयाचें भान चांगलें राखलें आहे. भरत म्हणजे सिंहाच्या छाव्याचे दांत मोजणारा निर्भय बालक. त्याच्याकडून कोणी राज्य जिंकण्याची अपेक्षा करीत नाहीं. आणि अभिमन्यु? ओळीनें बसलेल्या आठ शत्रूंच्या मधून एकटा पळणारा कुमार पाहिला कीं चक्रव्यूहाची आठवण होतेच. परंतु अभिमन्यूची कथा ही विजयाची कथा नव्हे. त्या दिवशीं तो परतला नाहीं. आपण त्याला आठवतों तें तो कसा शिरला आणि कसा लढला यासाठीं. कुमारांच्या सर्वश्रेष्ठ पुरस्काराला हें नांव देणाऱ्यांनीं प्रेक्षकांनाही एक धडा दिला आहे, असें मला वाटतें.

हाच धडा फुटबॉलनें आपल्या देशाला एकदां दिला. ऑक्टोबर २०१७ मध्यें सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा भारतांत झाली. यजमान म्हणून आपल्या संघाला प्रवेश मिळाला होता, आणि त्या संघांत कोल्हापूरचा अनिकेत जाधवही होता. आपण तीनही सामने हरलों: अमेरिकेकडून तीन गोलांनीं, कोलंबियाकडून २-१ असे, आणि घानाकडून चार गोलांनीं. परंतु ९ ऑक्टोबरला दिल्लींत कोलंबियाविरुद्ध जीक्सन सिंग या मणिपुरी मुलानें कोपऱ्यावरून आलेल्या चेंडूला डोकें लावून गोल केला. विश्वचषकाच्या कोणत्याही स्पर्धेंत भारतानें केलेला तो पहिला गोल. लगेच पुढच्याच मिनिटांत कोलंबियानें दुसरा गोल केला, बरोबरी मोडली आणि सामना गेला. तरी पाहणाऱ्यांच्या स्मरणांत राहिलें तें एक मिनिट. त्या स्पर्धेचे सामने पाहावयास सबंध देशांत तेरा लाखांहून अधिक प्रेक्षक आले. आपला संघ हरत असतांनाही मैदानें भरत होतीं; कारण लोकांनीं त्या मुलांकडून चषक मागितला नव्हता, तीं कुठवर जातात एवढेंच पाहावयाचें ठरविलें होतें.

अर्थात् उत्कंठेची दुसरी बाजूही आहे, आणि ती न सांगतां हें भाषण पुरें होणार नाहीं. या लहान चषकांवर आतां पुष्कळ गोष्टी टांगलेल्या आहेत. दहावी-बारावीच्या परीक्षेंत पात्र खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, आणि राज्य शासनाच्या नोकऱ्यांत त्यांच्यासाठीं पांच टक्के जागा राखलेल्या असतात. कोरडवाहू शेती असलेल्या घराला ही गोष्ट लहान नाहीं. त्यामुळें मैदानाच्या कडेला उभा असलेला बाप केवळ सामना पाहात नसतो. तो मुलीचें उद्यांचें पोट पाहात असतो. त्याला दोष देण्याचें मला धाडस होणार नाहीं. पण हाच भार पोराच्या पायांत आला कीं पाय जड होतात. शिवाय याच मोहांतून वयाचे दाखले मागेंपुढें करण्याचा अनाचार शिरतो. पूर्वीं गट ठरवितांना वयाबरोबर उंची व वजनही जमेस धरून निर्देशांक काढीत. सोळा वर्षांच्या मुलाला चौदाच्या गटांत घालणारा मनुष्य प्रतिस्पर्ध्याला तर फसवितोच. पण त्याहून अधिक आपल्याच गांवच्या त्या चौदा वर्षांच्या मुलाला फसवितो, ज्याचा कळस त्यानें हिरावून घेतला. चषक घरीं येतो, आणि ज्याच्यासाठीं तो ठेवलेला होता तो मुलगा कडेला उभा राहून टाळ्या वाजवितो.

दुसरा दोष आपल्या जिभेचा. मोठ्या सामन्यांत हजारोंच्या गोंगाटांत एकट्याचा शब्द खेळाडूपर्यंत पोहोंचत नाहीं. लहान मैदानावर तो पोहोंचतो, आणि बोलणाऱ्याचा आवाजही ओळखूं येतो. चुकीचा खो देणाऱ्या मुलीला तिच्या शेजाऱ्यानें काय म्हटलें, हें तिला घरीं गेल्यावरही आठवतें. पंचाला शिवी दिली तर मुलें तीही शिकतात, आणि आम्ही शिकविलेल्या सर्व धड्यांपेक्षां लवकर शिकतात. म्हणून लहान सामन्याचा प्रेक्षक हा नुसता प्रेक्षक नसतो. इच्छा असो वा नसो, तो त्या दिवसापुरता शिक्षक असतो.

मग अशा शिक्षकानें करावें काय? फार मोठें कांहीं नाहीं. संघ निघण्यापूर्वीं मुलांचीं नांवें व त्यांचे खेळ माहीत करून घ्यावेत. ज्याची ओळख आहे त्याचीच वाट खरोखर पाहतां येते. सामन्यांत घड्याळ पाहावें आणि समोरच्या संघांतील मुलगी तीन मिनिटें पळाली तर तिलाही मोकळ्या मनानें टाळी द्यावी. तीही कोणत्या तरी तालुक्याची आशा आहे. पराभवाच्या दिवशीं बोलणें थोडें करावें. आणि मूल घरीं आलें म्हणजे “जिंकलीस कां?” हा प्रश्न पहिला विचारूं नये. त्याचें उत्तर सोळांपैकीं पंधरा घरांत ‘नाहीं’ असेंच येणार, हें आपण पाटीवर मांडून पाहिलेंच आहे. त्याऐवजीं “किती मिनिटें पळालीस?” असें विचारावें. या प्रश्नाला प्रत्येक घरीं कांहीं ना कांहीं उत्तर असतें. आणि तें देतांना मूल उभें राहून, हातवारे करून, सबंध पळती पुन्हां सांगूं लागतें. तें शेवटपर्यंत ऐकून घ्यावें.